दांड्यावरची पंगत

सकाळी आठ वाजताच मरहून नाखव्याचं डोकं तापलं, आणि तेही तारखेवरून.

“आज सतरा आहे,” तो म्हणाला.

“अठरा, काका.” सफवानने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. “हे बघा ना. अठरा.”

“मोबाईल कुठून आणलास?”

“दुबईहून.”

“मग तो दुबईचीच तारीख सांगणार. त्यांनी महिना एक दिवस आधी धरला. आपण डोळ्यांनी चंद्र बघितला तेव्हा धरला. काल तो किती उशिरा वर आला ते मी गच्चीवरून पाहिलंय. सतरा.”

“एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?”

आभाळ नव्हतं कोसळणार, पण पाणी उतरणार होतं. सूर बंदराच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलाय. त्याच्यावरून गलबत न्यायचं तर खाली भरतीचं पाणी लागतं, आणि भरती रोज पाऊण तासाहून जरा जास्तच उशिरा येते. जुने नाखवे चंद्राच्या तारखेवरून पाणी सांगायचे. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत दांड्यावर पाणी, त्यानंतर चिखल. सरकारी तक्त्यात बंदराचं पाणी असतं, या दांड्याचं नसतं. तारीख एकाने चुकली की पाणी पाऊण तासाने चुकलं, एवढा साधा हिशेब. सतरा असेल तर दुपारी एकच्या आत दांडा ओलांडायला हवा. अठरा धरली तर पावणेदोनपर्यंत निवांत जेवत बसता येतं. सफवानला निवांत जेवत बसायचं होतं, म्हणून त्याची अठरा.

आणि गंमत अशी, की हा आजोबांचा आडाखा सफवान माईकवरून पाहुण्यांना विकायचा. ‘आमचे पूर्वज चंद्रावरून समुद्र वाचायचे.’ पाहुणे माना डोलवायचे. स्वतः मात्र गेल्या पाच वर्षांत चंद्राकडे मान वर करून बघितलं असेल तर शपथ.

‘मन्सूरा’ हे गलबत मरहूनच्या थोरल्या भावाचं. भाऊ वारला तसं ते त्याच्या मुलाकडे, या सफवानकडे आलं. ज्या गलबताने मरहूनच्या बापाला बसरा आणि झांजीबार दाखवलं, त्याची डोलकाठी या पोराने पुलाखालून जाता यावं म्हणून अर्ध्यावर कापली. मधे कापडी छत घातलं, खाली गालिचे अंथरले, आणि ‘बंदराची सैर आणि दुपारचं जेवण’ असा फलक लावला. मरहूनने तेव्हाच हात झटकायला हवे होते. पण ‘मन्सूरा’ दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची कल्पना त्याला सोसेना. साठी ओलांडल्यावर तो पांढराशुभ्र, पायघोळ डिशडाशा घालून सुकाणूपाशी उभा राहायला लागला. लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. तो हसायचा नाही, तर लोकांना तेही आवडायचं.

एकोणचाळीस वर्षं तो नाखवा होता, आणि एकदाही दांड्याला त्याचं गलबत लागलं नव्हतं. सूरमध्ये माणसाला दुसरं काही नसलं तरी चालतं, पण हे लागतं. जो नाखवा आपल्याच दारातल्या वाळूवर बसला, त्याचं नाव बायका लग्नात गातात, आणि बायकांची आठवण दांडगी.

“बरं बाबा,” सफवान शेवटी म्हणाला. “तुमची सतरा. साडेबाराला नांगर उचलू. झालं समाधान? फक्त आज तोंड जरा हसरं ठेवा. मोठ्या सहल कंपनीची बाई येतेय. तिला आवडलं तर अख्खा हंगाम तिची माणसं आपल्याकडे.”

“साडेबारा म्हणजे साडेबारा.”

“साडेबारा, काका. तुमच्या डोक्याची शपथ.”

दहाला चाळीस जण चढले. म्हातारी जोडपी, पोरंबाळं, कॅमेरे, टोप्या, सगळं. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. कंपनीची बाई काळा चष्मा लावून पुढे बसली आणि सफवान तिच्यापुढे फिरकीसारखा फिरायला लागला. पूल मागे गेला, पांढरा दीपस्तंभ डाव्या हाताला गेला, दांड्यावरून ‘मन्सूरा’ अलगद बाहेर पडली. बाहेरच्या शांत पाण्यात मरहूनने नांगर टाकला तेव्हा अकराला दहा कमी होते.

जेवण साडेअकराला ठरलं होतं. पण कुणीतरी डॉल्फिन बघितला, किंवा बघितल्यासारखं केलं. मग सगळे एका बाजूला. मग पोरांना पोहायचं होतं. मग कंपनीच्या बाईला दीपस्तंभासमोर फोटो हवा होता, तोही छत्री घेऊन आणि छत्रीशिवाय. ताटं मांडली तेव्हा सव्वाबारा झाले होते.

मरहून सफवानकडे गेला. “आता वाढू नकोस. आत नेऊ, धक्क्याला लावू, तिथे वाढ.”

“धक्क्याला? तिथे मासळीचा वास! काका, आणि समुद्रातलं जेवण म्हणून तर आलेत ते.”

“साडेबारा म्हणाला होतास.”

“ताटं मांडली ना आता. मोबाईलप्रमाणे पावणेदोनपर्यंत पाणी आहे. लोकांना घाबरवू नका, हात जोडतो.” आणि माईक तोंडाशी धरून तो मोठ्याने म्हणाला, “मंडळी, स्वस्थपणे जेवा! आमच्यात जेवणाऱ्याला उठवायची रीत नाही. शत्रू असला तरी नाही!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मरहूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गलबत चालू असताना जेवायला काय झालं, असं कुणी म्हणेल. पण ‘मन्सूरा’चा नांगराचा दोर पुढच्या टोकाच्या नाळेपासून मधल्या खुंटापर्यंत फळ्यांच्या तक्तपोशीवरून जातो, आणि सफवानने गालिचे नेमके त्याच्यावर अंथरले होते. पाचपाच माणसांत एकेक मोठं ताट, वर केशरी भात, त्यावर तळलेली सुरमई, भोवती मांड्या घालून बसलेली माणसं. नांगर उचलायचा तर आधी ती माणसं उचलायला हवी होती.

नसीब, त्याचा जुना खलाशी, खुंटापाशी येऊन उभा राहिला. वीस वर्षांचा सोबती, त्याला सांगावं लागत नसे. त्याने दीपस्तंभाखालच्या खडकाकडे हनुवटी केली. खडकावर ओलाव्याची वीतभर पट्टी उघडी पडली होती.

“नाखवा, उतरायला लागलं.”

“दिसतंय मला.”

“मग हाक मारू? उठा म्हणू?”

मरहूनने तोंड उघडलं. एकच शब्द म्हणायचा होता, ‘उठा’. वादळात हाच शब्द त्याने पन्नास माणसांवर ओरडून म्हटला होता, आणि पन्नास माणसं उठली होती. पण समोर एक म्हातारा परदेशी गृहस्थ बोटांनी भाताचा घास वळायला शिकत होता, त्याची बायको हसत होती, आणि मरहूनने तोंड मिटलं.

त्याच्या बापाच्या दारात एकदा एक माणूस आला होता. त्या माणसाच्या भावाने मरहूनच्या घरातला एक जण मारला होता. तो आला, बसला, आणि आईने ताट पुढे केलं. बाप बाजूला उभा राहिला, तो माणूस हात धुऊन दाराबाहेर जाईपर्यंत. पाच वर्षांचा मरहून हे बघत होता. पुढे तो काय काय विसरला, पण ताटावरच्या माणसाला उठवायचं नाही हे त्याच्या हाडात बसलं. सफवान त्याचं नाटक करत होता म्हणून ते खोटं होत नव्हतं. त्याचाच तर जास्त राग येत होता.

“जेवू दे त्यांना,” तो नसीबला म्हणाला. “पाच मिनिटं.”

पाच मिनिटांची दहा झाली. पावणेएकला कुणीतरी भात परत मागितला. सफवानने वाढला, वर आणखी एक मासा ठेवला. एकला दहा कमी असताना पोरं तृप्त होऊन उठली, पण त्यांचे आईबाप बसलेलेच. मग हलवा आला. मग कहवा आला. कहव्याचे पेले रिकामे झाले की सफवान भरायचा. मरहून नाळेपाशी उभा राहून दातओठ खात होता. खडकावरची ओली पट्टी वितेची हात झाली, हाताची दोन हात झाली. त्याला प्रत्येक बोटभर पाणी दिसत होतं. आयुष्यात इतकं स्वच्छ त्याला कधीच दिसलं नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचा माणूस हात धुवायला उठला. नसीबने आणि मरहूनने गालिचा अक्षरशः ओढून काढला आणि नांगर वर घेतला.

दांड्यापाशी आले तेव्हा पाण्याचा रंगच बदलला होता. मरहूनने सगळ्यांत खोल जागा धरली, पुलाचा उजवा खांब आणि मशिदीचा मिनार एका रेषेत आणून. जगातला कुठलाही नाखवा याहून चांगलं करू शकला नसता. पण नसलेलं पाणी कोण आणणार? आधी तळ घासल्याचा मऊ आवाज आला. मग ‘मन्सूरा’ थांबली, आणि हळूच डाव्या अंगावर कलली. रिकामी ताटं घसरत जाऊन कठड्याला आपटली. कुणीतरी किंचाळलं, मग कुणीतरी हसलं.

मरहूनने इंजिन बंद केलं. एकोणचाळीस वर्षं गेली, त्याच्या मनात आलं, आणि गेली कशापायी, तर हलव्यापायी.

तोवर सफवानने माईक उचलला होता. “मंडळी, काळजी करू नका! काहीही धोका नाही. आमचे नाखवा काका आता वयस्कर झालेत, डोळ्यांनी जरा कमी दिसतं. आपण त्यांना समजून घेऊ या. त्यांनी या समुद्राची फार सेवा केलीय.” हे त्याने आधी अरबीत सांगितलं, मग इंग्रजीत. मरहूनला दोन्ही कळत होतं. कंपनीच्या बाईने चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कीव होती. त्या भाताचे घास वळणाऱ्या म्हाताऱ्याने तर जवळ येऊन त्याच्या खांद्यावर थोपटलं.

शिव्या त्याला आवडल्या असत्या. थोबाडीत मारली असती तरी त्याने समजून घेतलं असतं. हे थोपटणं मात्र त्याच्या अंगावर उकळत्या पाण्यासारखं पडलं.

“माईक खाली ठेव,” तो सफवानला म्हणाला.

“काका, मी तुम्हाला वाचवतोय. म्हाताऱ्या माणसावर कोण रागावतं?”

“माईक खाली ठेव, नाहीतर माईकसकट तुला चिखलात घालीन.”

कोळ्यांच्या होड्या आल्या. पहिल्या होडीत सफवान कंपनीच्या बाईचा हात धरून उतरला, काखेत हलव्याचा डबा. लोकांना दोन-दोन चार-चार करून नेलं. नसीबने शेवटचं पोर उचलून दिलं आणि मरहूनने नसीबलाही घरी पाठवलं. तीनपर्यंत पाणी पार निघून गेलं, आणि ‘मन्सूरा’ चिखलात आडवी पडली, बाजारात विकायला आणलेल्या म्हशीसारखी सगळ्यांनी बघावी अशी. पुलावर ही गर्दी. सगळ्यांच्या हातात मोबाईल. त्यातल्या निम्म्यांचे बाप त्याच्या हाताखाली खलाशी होते.

साडेतीनला बंदर खात्याचा अधिकारी कैस विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन चिखलातून आला. त्याच्यामागे सफवान. कैस पस्तिशीचा, सरळ पोरगा. त्याच्या बगलेत फाईल होती.

“नाखवा, बसा,” तो म्हणाला. तिरक्या तक्तपोशीवर बसणार कुठे, दोघेही कठड्याला टेकले. “कुणाला इजा नाही, देवाची कृपा. कागद तर करावाच लागेल. सफवानने माहिती दिलीय, मी लिहून घेतलंय. वय सहासष्ट, दृष्टी मंद झाल्याने पाण्याचा अंदाज चुकला. खाली सही करा. परवाना तुम्ही आपणहून परत केलात असं दाखवतो. पुढच्या महिन्यात खात्याचा कार्यक्रम आहे, त्यात तुमचा सत्कारही करू. कुठे बोभाटा नाही.”

“चांगलं आहे,” मरहून म्हणाला. “खोडून टाक.”

“काय?”

“दृष्टी मंद. खोड ते. त्या पुलावर डावीकडून तिसरा, निळ्या टोपीवाला, तो हमूदचा मुलगा आहे. तंबाखू खातोय. पुरे, का आणखी वाचू?”

कैसने पुलाकडे बघितलं. त्याला फक्त माणसं दिसली असावीत.

“काका, कशाला हट्ट?” सफवान म्हणाला. “डोळ्यांचं काय, वयाने सगळ्यांचेच जातात. त्यात कमीपणा नाही.”

“मी तुझ्याशी बोलत नाही.” मरहून कैसकडे वळला. “पोरा, लिही. पाणी उतरताना मी पाहिलं. सव्वाबाराला मला कळलं होतं की एकच्या आत निघालो नाही तर बसणार. पावणेएकला कळलं की बसलोच. नांगर उचलला नाही.”

कैसचा पेन थांबला. “नाखवा, नीट ऐका. नजर कमी असं लिहिलं तर ती चूक होते. दिसत होतं आणि तरी निघालो नाही असं लिहिलं तर तो गुन्हा होतो. चाळीस माणसं होती गलबतावर. परवाना रद्द होईल, दंड होईल, रजिस्टरमध्ये कायमचं राहील. सत्कार तर विसराच.”

“लिही.”

“पण का नाही उचलला नांगर? याने थांबवलं का तुम्हाला?” त्याने सफवानकडे मान केली. “तसं असेल तर तसं सांगा.”

सफवानचा चेहरा एकदम उतरला. आता एक वाक्य बोललं की पोरगा गोत्यात. तारीख, मोबाईल, साडेबाराची शपथ, सगळं खरंच होतं. मरहूनला ते बोलायचा मोह झाला, खूप झाला. पण ते बोललं की तो कोण उरत होता? पुतण्याने गप्प बसवलेला एक म्हातारा. त्यापेक्षा गुन्हेगार बरा.

“गलबतावर नाखव्याला कुणी थांबवत नसतं,” तो म्हणाला. “लोक जेवत होते. मी उठवले नाहीत. माझा निर्णय.”

“हे लिहू?”

“अस्संच लिही. एक अक्षर कमी नको.”

कैसने जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. मरहूनने तो दोनदा वाचला, चष्म्याशिवाय, मोठ्याने, पुलावरच्यांनाही थोडंफार ऐकू जावं असं. सही केली. खिशातून परवान्याचं कार्ड काढून फाईलवर ठेवलं.

“काका, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात,” सफवान पुटपुटला. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता आणि तो लपत नव्हता.

“पाय माझा, धोंडाही माझाच. तुझं त्यात काही नव्हतंच. माईकवर तेवढं सांग आता.”

“रात्रीच्या भरतीला गलबत आत कोण आणणार?” कैसने विचारलं.

“ज्याला तुम्ही परवाना द्याल तो. खांब आणि मिनार एका रेषेत ठेव म्हणावं.” असं म्हणून मरहून शिडीवरून उतरला. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. पांढऱ्या डिशडाशाची वाट लागली. पुलाखालून जाताना त्याने मान वर करून एकेकाकडे बघून घेतलं. घरापर्यंतच्या वाटेवर तो मनातल्या मनात सफवानला, मोबाईलला, त्या छत्रीवाल्या फोटोला आणि थोपटणाऱ्या म्हाताऱ्याला यथेच्छ शिव्या देत गेला. तरी त्याला जरा बरं वाटत होतं. कीव तरी त्याने अंगाला लावून घेतली नव्हती.

घरी शनूनाने, त्याच्या बायकोने, पाय धुवायला पाणी आणून ठेवलं. तिला सगळं कळलेलं होतं. सूरमध्ये बातमीला भरती-ओहोटी नसते. तिचा बाप नाखवा, आजा नाखवा. त्याने पाय धुतले, कपडे बदलले, तोवर तिने ताट वाढलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

तो बसला. पहिला घास घ्यायच्या आत ती म्हणाली, “एक विचारू? रागावणार नसलात तर.”

“विचार.”

“अहो, लोक म्हणतायत तुम्हाला दिसलं नाही. मी म्हटलं, शक्य नाही. पाणी उतरताना दिसलं होतं ना तुम्हाला?”

“दिसलं होतं.” त्याचा आवाज चढला. “लिहून दिलंय तसं. सही करून दिलंय.”

“मग उठवायचं होतंत त्यांना.”

“ताटावरून?” तो ओरडला. “जेवत्या माणसाला? तू सांगतेस हे? तुझ्या घरात कधी कुणी उठवलं होतं?”

“घरात नाही उठवलं,” शनूना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “गलबतावर माझ्या बापाने दोनदा उठवलं. एकदा तर नवरदेवाला. त्या लोकांनी वर्षभर शिव्या दिल्या, पण सगळे घरी आले. घरी पाहुणा मोठा. गलबतावर कोण मोठं, हे मी तुम्हाला सांगायचं का?”

त्याने उत्तर शोधलं. सफवान सापडला, मोबाईल सापडला, बाप दारात उभा असलेला सापडला. त्यातलं एकही तिच्यासमोर ठेवता येईना. दुपारपासूनचा सगळा राग तसाच होता, फक्त तो काढायला आता स्वतःशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शनूनाने माशाचा काटा काढून तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. “जेवा आता. गार होतंय.”

मरहून ताटावरून उठला.